मायनर लीगमध्ये खेळत राहायचं की मेजर लीगमध्ये कोच व्हायचं? बेसबॉलपटूंसमोरचा हा पेच नेमका काय आहे?

२६ एप्रिल २०२३. अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर. यजमान पायरेट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स यांच्यातला बेसबॉलचा सामना शेवटाकडे आला होता. तेवढ्यात पायरेट्सकडून एक नवा खेळाडू बॅट घेऊन मैदानात आला आणि अख्खं स्टेडियम उभं राहून त्याच्या नावाचा गजर करायला लागलं.

त्याचं नाव ड्रू मॅगी. वय ३३. हा त्याचा मेजर लीगमधला पहिलाच सामना होता. त्याआधी त्याने मायनर लीगमध्ये तब्बल १,१५५ सामने खेळले होते. १३ वर्षं, बसचे प्रवास, छोटी शहरं आणि दर वर्षी एकच प्रश्न, 'यंदा तरी फोन येईल का?'

त्या दिवशी मॅगी बाद झाला. काही दिवसांत त्याने मेजर लीगमधला पहिला हिटही मारला आणि मग तो परत खाली, मायनर लीगमध्ये गेला. पण तोवर त्याची गोष्ट जगभर पोहोचली होती. सोशल मीडियावर लोकांनी लिहिलं, 'स्वप्न सोडू नका.'

आता दुसरी गोष्ट बघा. ही तेवढी व्हायरल झाली नाही.

क्रेग अल्बर्नाझ. तोही मायनर लीगमधला खेळाडू, कॅचर. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडलंसुद्धा नव्हतं. २००६ ते २०१४ तो मायनर लीगमध्ये खेळला. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मग त्याने खेळणं थांबवलं आणि कोचिंगची वाट धरली. आधी मायनर लीगमध्ये, मग सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कोच, मग क्लीव्हलँड गार्डियन्समध्ये मॅनेजरचा उजवा हात. ऑक्टोबर २०२५ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला थेट मॅनेजर केलं.

बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. म्हणजे जो माणूस मेजर लीगमध्ये एक चेंडूही खेळला नाही, तो आज मेजर लीगचा अख्खा संघ चालवतोय.

मग शहाणा कोण? १३ वर्षं टिकून राहिलेला मॅगी की वेळेत बॅट खाली ठेवणारा अल्बर्नाझ?

हा प्रश्न दर हिवाळ्यात बेसबॉलमधल्या कितीतरी खेळाडूंच्या घरी चर्चेला असतो. अजून एक वर्ष मायनर लीगमध्ये खेळून बघायचं, की संघाने पुढे केलेली कोचिंगची खुर्ची घ्यायची? वरवर बघितलं तर हा 'स्वप्न की वास्तव' असा मामला वाटतो. पण आत शिरलं की पगार, पेन्शन, आरोग्य विमा, वय आणि युनियन अशी एकात एक अडकलेली गणितं दिसतात.

आधी रचना समजून घेऊ

आपल्याकडे रणजी खेळणारा खेळाडू मुंबईचा किंवा विदर्भाचा असतो आणि भारतीय संघात निवड झाली की वर जातो. बेसबॉलमध्ये तसं नाही. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाला जोडलेले चार मायनर लीग संघ आहेत. म्हणजे एकूण १२०. सगळ्यात वर ट्रिपल-ए, मग डबल-ए, मग हाय-ए आणि सिंगल-ए. त्याच्याही खाली अगदी नवख्या पोरांसाठी सराव केंद्रांवरच्या लीग असतात.

हे सगळे खेळाडू त्या मोठ्या संघाचेच नोकर असतात. कुणाला वर घ्यायचं, कुणाला खाली पाठवायचं, कुणाला सोडून द्यायचं, हे मोठा संघ ठरवतो. ट्रिपल-एमध्ये खोऱ्याने धावा केल्या तरी वरच्या संघात तुमच्या जागेवर तगडा खेळाडू बसला असेल तर तुम्ही खालीच राहता.

आता जागा मोजा. मेजर लीगच्या संघात एका वेळी २६ खेळाडू असतात. ३० संघ म्हणजे ७८० जागा. खाली एका संघाला, अमेरिकेतले सगळे स्तर धरून, १६५ मायनर लीग खेळाडू ठेवता येतात. २०२४ पर्यंत ही मर्यादा १८० होती, ती कमी केली गेली. तरी सगळे संघ मिळून हा आकडा पाच हजारांच्या घरात जातो. आणि वरचे ७८० जण काही दर वर्षी जागा रिकाम्या करत नाहीत.

या दोन्हींच्या मध्ये एक महत्त्वाची यादी असते, ४० जणांची. मेजर लीगमध्ये खेळायचं तर या यादीत नाव असावंच लागतं. यादीत असाल तर तुम्ही फोनच्या जवळ आहात. यादीत नसाल तर तुम्हाला वर घेण्यासाठी संघाला आधी यादीत जागा करावी लागते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी संघ एवढी खटपट करेलच असं नाही.

पैशाचं गणित काय सांगतं?

मायनर लीगचे पगार हा अमेरिकेत बरीच वर्षं लाजिरवाणा विषय होता. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने एक कायदा केला आणि मायनर लीग खेळाडूंना किमान वेतन व ओव्हरटाइमच्या केंद्रीय नियमांतून मोठ्या प्रमाणात वगळलं. दुसरीकडे, माजी खेळाडूंनी २०१४ मध्येच वेतनासाठी खटला भरला होता. तो २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरवर मिटला. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू युनियनमध्ये सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला.

या कराराने चित्र बदललं. ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेला. डबल-एमध्ये १३,८०० चे ३०,२५० झाले. राहण्याची सोय संघाने करायची ही पद्धत २०२२ पासूनच सुरू झाली होती.

तुम्ही म्हणाल, ३५,८०० डॉलर म्हणजे ८५ रुपयांच्या दराने ३० लाख रुपये. वाईट काय आहे? पण हा पगार अमेरिकेत खर्च करायचा असतो. तिशीतल्या माणसाला बायको-मुलं असतात, घराचे हप्ते असतात आणि तो स्वतः वर्षातले सहा-सात महिने घराबाहेर असतो.

आता वरचा आकडा बघा. २०२३ मध्ये मेजर लीगचा किमान पगार होता ७ लाख २० हजार डॉलर. म्हणजे ट्रिपल-एच्या वीसपट. २०२६ साठी तो ७ लाख ८० हजार ठरलेला आहे. हा पगार दिवसावर मोजला जातो. २०२३ च्या दराने एका दिवसाचे साधारण ३,९०० डॉलर होतात. म्हणजे ट्रिपल-एमध्ये वर्षभर राबून मिळणारा किमान पगार वरच्या लीगमध्ये नऊ-दहा दिवसांत मिळतो.

खेळाडू खेळणं का सोडत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथे आहे. वरून एकदा जरी बोलावणं आलं आणि महिनाभर टिकता आलं, तरी मागच्या तीन वर्षांची कसर भरून निघते. यात एक गोष्ट लक्षात घ्या. अनुभवी खेळाडू अनेकदा किमान पगारापेक्षा जास्त रकमेचा मायनर लीग करार करतात. त्यांना मेजर लीगच्या सराव शिबिराचं आमंत्रण मिळतं आणि ठरावीक तारखेपर्यंत वर घेतलं नाही तर करार मोडायची मुभाही मिळू शकते. म्हणजे सगळेच उपाशीपोटी खेळतात असं नाही.

आणि कोच? मेजर लीगमधल्या कोचचे पगार साधारणपणे जाहीर होत नाहीत. पण मायनर लीगच्या किमान पगारापेक्षा ते बरेच जास्त असतात, आणि मुख्य म्हणजे महिन्याच्या महिन्याला नक्की मिळतात. खेळाडूचा पैसा 'आला तर मोठा', कोचचा पैसा 'ठरलेला'. घर चालवणाऱ्या माणसाला या दोन शब्दांमधला फरक समजावून सांगावा लागत नाही.

एक दिवस आणि ४३ दिवस

पगारापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मेजर लीगमधल्या सेवेचे दिवस.

मेजर लीगमध्ये खेळाडू म्हणून एक दिवस जरी नोंदला गेला, तरी पुढे युनियनच्या आरोग्य विमा योजनेत सहभागी होण्याची पात्रता मिळते. ४३ दिवस झाले की किमान पेन्शनचा हक्क तयार होतो. १० वर्षं झाली की पूर्ण पेन्शन. इथे एक वर्ष म्हणजे सेवेचे १७२ दिवस.

अमेरिकेत आरोग्य विमा नसणं म्हणजे काय, हे तिथे नातेवाईक असलेल्यांना विचारा. म्हणूनच मॅगीच्या त्या काही दिवसांकडे फक्त 'स्वप्नपूर्ती' म्हणून बघून चालत नाही. असे दिवस खेळाडूला आयुष्यभर उपयोगी पडेल अशी एक पात्रताही देतात.

आणि ज्याचे ४१ दिवस झालेत, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी मायनर लीगमध्ये अजून एक वर्ष काढणं हा वेडेपणा नाही. दोन दिवसांसाठी तो वर्षभर वाट बघू शकतो.

कोचिंगचा या दिवसांशी काय संबंध, हे समजून घ्यायला १९६८ मध्ये जावं लागेल. सॅचेल पेज हा बेसबॉलच्या इतिहासातल्या महान पिचरपैकी एक. पण तो कृष्णवर्णीय होता आणि १९४७ पर्यंत मेजर लीगची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती. त्यामुळे तारुण्य निग्रो लीगमध्ये घालवून तो मेजर लीगमध्ये आला तो १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. निवृत्तीनंतर कळलं की पेन्शनला १५८ दिवस कमी पडतायत. त्याने संघांची दारं ठोठावली. शेवटी अटलांटा ब्रेव्ह्जने १९६८ मध्ये, त्याच्या वयाच्या ६२ व्या वर्षी, त्याला करारबद्ध केलं आणि कोचिंगच्या कामावर ठेवून ते दिवस पूर्ण होऊ दिले.

म्हणजे कोचची खुर्ची ही फक्त नोकरी नसते. कधी कधी ती खेळाडू म्हणून अर्धवट राहिलेला हिशोब पूर्ण करण्याची जागाही असते.

खुर्ची आता तरुणांना का मिळतेय?

पूर्वी हा पेच एवढा टोकदार नव्हता. मेजर लीगचा कोच म्हणजे चाळिशी-पन्नाशीतला, मोठी कारकीर्द झालेला माणूस असायचा. मायनर लीगमधला ३२ वर्षांचा खेळाडू या खुर्चीचा विचारही करत नसे. त्याला मिळाली तर मायनर लीगमधलीच कोचिंगची नोकरी मिळायची आणि मग वर्षानुवर्षं वर चढत जावं लागायचं.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे बदललं, त्याला दोन-तीन कारणं आहेत.

पहिलं, डेटा. २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर चेंडूचा वेग, फिरकी आणि बॅटवरून निघालेला कोन मोजणारी यंत्रणा बसली. आता संघांकडे आकड्यांचा ढीग आहे. प्रश्न आहे तो खेळाडूच्या भाषेत सांगणाऱ्या माणसाचा. विश्लेषकाने लॅपटॉपवर दाखवलेली गोष्ट ड्रेसिंग रूममध्ये पटवून द्यायला, कालपर्यंत त्याच रूममध्ये बसणारा माणूस लागतो.

दुसरं, जागा वाढल्या. पूर्वी एका संघाचे पाच-सहा कोच असायचे. आता फलंदाजीचेच दोन-तीन, पिचिंगचे वेगळे, बुलपेनचा, कॅचिंगचा आणि सामन्याचं नियोजन करणाराही वेगळा. बुलपेन म्हणजे राखीव पिचर जिथे हात मोकळे करतात ती जागा.

तिसरं, कॅचरला मागणी. कॅचर हा आपल्या विकेटकीपरसारखा, पण त्याचं काम त्याहून जास्त. पिचरने कुठला चेंडू टाकायचा हे सुचवणं, समोरच्या फलंदाजाचा अभ्यास ठेवणं, घाबरलेल्या पिचरला सामन्याच्या मध्येच सावरणं. अख्खं मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे कॅचर खेळत असतानाच अर्धा कोच झालेला असतो. अल्बर्नाझ कॅचर होता. कब्जना २०१६ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा मॅनेजर जो मॅडनही मायनर लीगच्या वर न गेलेला कॅचर होता. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला मॅनेजर जिम लेलँडसुद्धा तसाच.

सगळ्यात वेगवान उदाहरण स्टीफन वोग्टचं. हा मात्र मेजर लीग खेळलेला आणि दोनदा ऑल-स्टार झालेला कॅचर. पण त्याची सुरुवात अशी होती की मेजर लीगमध्ये पहिल्या ३२ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाला नव्हता. अपयश म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये निवृत्त झाला. शेवटच्या खेळीत त्याने होमरन मारली. २०२३ मध्ये तो सिएटल मरिनर्सचा बुलपेन कोच होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गार्डियन्सने त्याला मॅनेजर केलं आणि २०२४ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. बॅट ठेवल्यापासून साधारण दोन वर्षांत. गार्डियन्समध्ये त्याचा उजवा हात कोण होता? तोच, अल्बर्नाझ.

अशी उदाहरणं समोर असली की ३२ वर्षांचा मायनर लीग कॅचर अजून एक वर्ष बसमध्ये काढण्याआधी दहा वेळा विचार करणारच.

आपल्याकडच्या वाचकांना हे समजायला अवघड जाऊ नये. अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांवर धावा केल्या, ३० शतकं ठोकली, पण भारताची कॅप त्याला कधी मिळाली नाही. पुढे तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच्या संघाने विश्वचषक उचलला. खेळाडू म्हणून बंद राहिलेलं दार प्रशिक्षकासाठी उघडू शकतं, हे आपण डोळ्यांनी बघितलंय.

पण खुर्चीचीही किंमत असते

इथवर वाचून वाटेल की मग सरळ कोच व्हावं. थांबा, दुसरी बाजूही आहे.

मायनर लीगच्या खेळाडूला आता युनियन आहे. कोचला नाही. त्याचा किमान पगार ठरवणारा सामूहिक करार नाही. कंत्राटं साधारणपणे छोट्या मुदतीची असतात. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे मॅनेजरची नोकरी गेली की त्याच्याबरोबर कोचचीही जाऊ शकते. तुमचं काम चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नाही.

ब्रायन स्निटकरचं उदाहरण घ्या. तोही मायनर लीगचा कॅचर. १९८० मध्ये ब्रेव्ह्जच्या मायनर लीग विभागाचे प्रमुख होते महान खेळाडू हँक आरन. त्यांनी स्निटकरला सांगितलं की खेळाडू म्हणून तुझं काम संपलं, पण कोचिंगमध्ये ये. स्निटकरने ऐकलं. पुढची ३६ वर्षं तो एकाच संस्थेत राहिला. मेजर लीगमध्ये कोच झाला, परत खाली पाठवला गेला, परत वर आला, परत खाली. २०१४ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्याला मेजर लीगच्या कोचिंगवरून ट्रिपल-एला पाठवलं गेलं होतं. २०१६ मध्ये संघाची अवस्था वाईट असताना त्याला हंगामी मॅनेजर केलं आणि २०२१ मध्ये त्याने ब्रेव्ह्जला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली.

शेवट गोड झाला म्हणून आपण ही गोष्ट सांगतो. पण वर-खालीचा जो खेळ मायनर लीग खेळाडूला नको होतो, तोच कोचिंगमध्येही सुरू राहू शकतो, हे स्निटकरच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतं.

आणखी एक गोष्ट. कोच झालात म्हणजे कुटुंबाला वेळ मिळेल हा गैरसमज आहे. मेजर लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा, त्यातले निम्मे परगावी. फेब्रुवारीत सराव शिबिर सुरू होतं ते सप्टेंबरअखेरपर्यंत. संध्याकाळी सातच्या सामन्यासाठी कोच दुपारीच मैदानावर असतो. प्रवास बसऐवजी विमानाने होतो, हॉटेल चांगलं असतं, पण घर लांबच राहतं.

एकदा सोडलं की परत येता येतं का?

या पेचातला सगळ्यात टोचणारा प्रश्न हाच. कोचिंग चाळिशीत, पन्नाशीतही करता येतं. खेळणं नाही. मग जी गोष्ट फक्त आत्ताच करता येते ती आधी करावी, असा युक्तिवाद खेळाडू करतात आणि तो चुकीचा नाही.

परत आलेली माणसं आहेत, पण मोजकी. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे डॅनियल बार्ड. बोस्टन रेड सॉक्सचा हा वेगवान पिचर २०१३ नंतर मेजर लीगमध्ये दिसेनासा झाला. दुखापतीपेक्षा मोठं काहीतरी झालं होतं. चेंडू हवा तिथे टाकणंच त्याला जमेना. मायनर लीगमध्ये चार-पाच वर्षं धडपडून २०१७ मध्ये त्याने खेळणं सोडलं आणि ॲरिझोना डायमंडबॅक्समध्ये तरुण खेळाडूंना मानसिक आधार देण्याचं काम घेतलं.

तिथे पोरांबरोबर सहज चेंडू टाकता टाकता त्याच्या लक्षात आलं की हात परत मोकळा झालाय. २०२० मध्ये कोलोरॅडो रॉकीजबरोबर मायनर लीग करार करून तो परत उभा राहिला. सात वर्षांनी मेजर लीगमध्ये उतरला, त्या वर्षीचा नॅशनल लीगचा पुनरागमनाचा पुरस्कार जिंकला आणि २०२२ मध्ये त्याला दोन वर्षांचा १.९ कोटी डॉलरचा करार मिळाला.

गंमत बघा. जो दबाव त्याला खेळू देत नव्हता, तो कोचिंगसारख्या कामात गेल्यावर उतरला. पण बार्डची गोष्ट नियम म्हणून वाचू नका. तो पिचर होता आणि वेग शाबूत होता. फलंदाजाला दोन वर्षं वेगवान चेंडू बघायला मिळाले नाहीत तर डोळे आणि हात पुन्हा त्या तालावर आणणं फार अवघड जातं.

२०२६ मध्ये हा पेच आणखी का वाढलाय?

मेजर लीगचे मालक आणि खेळाडू युनियन यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. नवा करार झाला नाही तर लॉकआऊट, म्हणजे मालकांकडून टाळेबंदी होण्याची भीती आहे.

मागचा लॉकआऊट डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ असा चालला. त्या काळात ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूंना संघाच्या सुविधा वापरता येत नव्हत्या आणि कोचना त्यांच्याशी बोलायलाही बंदी होती. पण जे मायनर लीग खेळाडू त्या यादीत नव्हते, त्यांचं काम सुरूच राहिलं. आता त्यांचा स्वतःचा वेगळा करार आहे आणि तो २०२७ पर्यंत चालतो.

म्हणजे एक विचित्र परिस्थिती येऊ शकते. मेजर लीगचा स्टार घरी बसलेला, मेजर लीगचा कोच शिकवायला खेळाडू नाहीत म्हणून अडलेला आणि मायनर लीगचा खेळाडू मात्र मैदानात. त्यामुळे या वर्षी निर्णय घेणाऱ्याला पुढच्या हंगामाचाही अंदाज बांधावा लागतोय.

मग ठरवायचं कसं?

आमच्या मते या पेचात 'स्वप्न' हा शब्द थोडा बाजूला ठेवून चार प्रश्न विचारायला हवेत.

१. नाव ४० जणांच्या यादीत आहे का? असेल तर खेळत राहण्याला अर्थ आहे. फोन जवळ आहे.

२. सेवेचे दिवस किती झालेत? शून्य असतील किंवा ४३ च्या उंबरठ्यावर असतील तर एका बोलावण्याची किंमत फार मोठी आहे. ४३ कधीच ओलांडले असतील तर ती किंमत कमी होते.

३. ऑफर नेमकी कुठली आहे? मायनर लीगमधली कोचिंगची नोकरी दोन वर्षांनीही मिळू शकते. तिच्यासाठी घाई करायचं कारण नाही. पण मेजर लीगमधल्या खुर्च्या मोजक्या आहेत. आज नाही म्हटलं तर उद्या दुसरा माणूस तिथे बसलेला असतो.

४. पुढची हालचाल कुणाच्या हातात आहे? हा सगळ्यात महत्त्वाचा. मायनर लीगमधला तिशीपुढचा खेळाडू कितीही चांगला खेळला तरी त्याला वर घ्यायचं की नाही हे दुसऱ्या कुणाची दुखापत, दुसऱ्या कुणाचा फॉर्म आणि संघाचं बजेट ठरवतं. मॅगीलासुद्धा संधी मिळाली ती संघातला एक खेळाडू कुटुंबातल्या दुःखद घटनेमुळे रजेवर गेला तेव्हा.

हे चारही प्रश्न एकत्र मांडले की एक गोष्ट दिसते. वय ३२-३३, नाव यादीत नाही, ४३ दिवस पूर्ण झालेले आणि समोर मेजर लीगमधल्या कोचिंगची लेखी ऑफर, असं असेल तर खुर्ची घ्यावी. अशी खुर्ची परत येईलच याची खात्री नसते आणि बॅटीने आणखी फार काही मिळण्याची शक्यता कमी असते. यातली एक जरी गोष्ट वेगळी असेल तर अजून एक वर्ष खेळून बघण्यात मूर्खपणा नाही.

आणि हो, आपण ज्या गोष्टी शेअर करतो त्यांच्याबद्दल एक शेवटचं. मॅगीची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली कारण फोन आला. ज्यांनी तेवढीच वर्षं काढली आणि ज्यांना फोन आलाच नाही, त्यांचा व्हिडिओ बनत नाही. तसंच अल्बर्नाझ मॅनेजर झाला म्हणून त्याचं नाव आपल्याला कळलं. कोचिंगमध्ये गेलेले आणि तीन वर्षांत नोकरी गमावलेलेही असतीलच.

त्यामुळे कुणी अजून एक वर्ष बॅग भरून बसमध्ये बसत असेल तर त्याला वेडा म्हणू नका. आणि कुणी बॅट ठेवून हातात वही घेतली असेल तर त्याने हार मानली असंही म्हणू नका. दोघेही त्याच मैदानात राहण्यासाठी धडपडतायत.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय निवडलं असतं? कमेंटमध्ये नक्की सांगा.